'रिहर्सिंग माय कॉयर': समीक्षकांचं नेमकं कशावरून बिनसलं? आणि आजीच्या आठवणींचा अल्बम करायचा तर?

मध्यलय (धागाकर्ता)

द फायरी फर्नेसेस या अमेरिकन रॉक बँडचा 'रिहर्सिंग माय कॉयर' (ऑक्टोबर २००५, रफ ट्रेड कंपनी) चर्चेला घेतोय. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मॅथ्यू आणि एलेनॉर फ्रीडबर्गर ही शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कमधली भावंडं. त्यांनी आपल्या आजीला, ओल्गा सरांटोस यांना, सोबत घेतलं आणि तिच्याच आयुष्यावर अकरा ट्रॅकचा, तासाला जरा कमी असा अल्बम केला. आजी तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या, ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या गायकवृंदाच्या संचालिका म्हणून काम केलेल्या. अल्बमचं नाव तिथून आलं. त्या फारशा गात नाहीत, बहुतेक बोलतातच. नात गाते आणि बोलते, नातू मागे पियानो, ऑर्गन, सिंथ, ड्रम मशीन असं काय काय वाजवत राहतो. कथा १९२० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत पुढे-मागे उड्या मारते.

प्रश्न तीन आहेत.

एक, 'पिचफोर्क' या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळानं याच बँडच्या 'ब्लूबेरी बोट'ला (जुलै २००४) १० पैकी ९.६ दिले होते. सव्वा वर्षानं आलेल्या या अल्बमला ४.०. बाकीच्या समीक्षणांतही अशीच फाटाफूट. तोही अल्बम विक्षिप्तच होता, मग इतका फरक कशाचा?

दोन, पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं हा ऐकावा कसा?

तीन, खरं कारण हे. एका ८१ वर्षांच्या आजींच्या आठवणींवर ३०-३५ मिनिटांचं मराठी काम घरीच करायचं आहे. हाताशी दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माईक संगणकाला जोडायची पेटी), एक कंडेन्सर माईक, रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर, हार्मोनियम पेटी आणि कीबोर्ड. या अल्बमवरच्या टीकेतून कामाला लागेल असं काय उचलावं?

---

कॅसेटवाला

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

९.६ आणि ४.० शेजारी ठेवले की मधली पायरी नजरेआड होते. जानेवारी २००५ मध्ये त्यांचा 'ईपी' नावाचा संग्रह आला. ईपी म्हणजे खरं तर छोटी तबकडी, पण याची लांबी चाळीस मिनिटांच्या वर. सुटी गाणी आणि सिंगल्सच्या मागच्या बाजूंची गाणी त्यात एकत्र केली होती, आणि या बँडच्या मानानं तो सगळ्यात सोपा, गुणगुणण्यासारखा प्रकार. ऐकणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं की मंडळी आता माणसांत येणार. नऊ महिन्यांनी आली आजी.

आता आक्षेप. 'ऐकवत नाही' या एका वाक्याखाली चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या होत्या, आणि समीक्षणं वाचताना त्या वेगळ्या काढल्या नाहीत तर काहीच हाती लागत नाही. आजींचा आवाज जड आणि खरखरीत आहे, पहिल्यांदा ऐकताना पुरुषाचा वाटू शकतो. ही झाली आवाजाची तक्रार. मला ती सगळ्यात फुसकी वाटते. शब्द न् शब्द कळेल असं त्या बोलतात, वृंदाला उच्चार शिकवणाऱ्या बाईसारखं. दुसरी तक्रार अशी की धरून ठेवायला धृपदच नाही. तिसरी, संगीत दर पंधरा-वीस सेकंदांनी कूस बदलतं आणि बोलण्याच्या अंगावर येतं. चौथी, हे घरातलं घरात चाललंय, आम्हाला का ऐकवता?

दुसरी आणि तिसरी खऱ्या आहेत. 'ब्लूबेरी बोट'मध्येही आठ-दहा मिनिटांच्या रचना होत्या, पण त्यातला प्रत्येक तुकडा स्वतःपुरतं गाणं होता. कथेचा धागा सुटला तरी चाल हातात राहायची. इथे चाल बोलण्याच्या मागे फरपटते. कथा सुटली की सगळंच सुटतं.

प्रयोगशीलतेवर राग होता असं म्हणणाऱ्यांनी 'बिटर टी' (एप्रिल २००६, फॅट पॉसम) ऐकावा. दोन्ही अल्बम जवळपास एकाच काळात केलेले, जोडीनं कल्पिलेले: हा म्हातारीच्या बाजूनं, तो तरुण मुलीच्या बाजूनं. त्यात गायलेले आवाज ठिकठिकाणी उलटे वाजवले आहेत, अक्षरशः शेवटाकडून सुरुवातीकडे. तरी त्याचं स्वागत यापेक्षा बरं झालं. उलटं गाणं खपलं, सरळ बोलणं नाही! कारण 'बिटर टी'त शब्द कळले नाहीत तरी चाल उरते.

---

वळचण

कॅसेटवाला, चौथी तक्रार तुम्ही झटकून टाकलीत, पण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. 'घरातलं' म्हणजे खासगी भावना नव्हेत, त्या कुणालाही कळतात. प्रश्न पत्त्यांचा आहे. या अल्बमची अर्धी कथा शिकागोच्या रस्त्यांच्या नावांत ठेवलेली आहे आणि ती उलगडून सांगायचे कष्ट अल्बम घेत नाही.

पहिलाच ट्रॅक 'द गारफील्ड एल'. 'एल' म्हणजे खांबांवरून धावणारी शिकागोची लोकल. गारफील्ड पार्कची ही फाटी १९५८ मध्ये बंद झाली, तिच्या जागी हमरस्त्याच्या मधोमध धावणारी काँग्रेस लाइन आली. आजच्या ब्लू लाइनचा पश्चिमेकडचा भाग तो. म्हणजे नाव उच्चारल्याबरोबर शिकागोकराला काळ कळतो, गाडीत बसलेली बाई १९५८ च्या आधीची. ज्याला हे माहीत नाही त्याला फक्त एक गाडी ऐकू येते. ती मात्र झकास ऐकू येते, पियानोच्या हातोड्यांचीच आगगाडी केली आहे.

पाचव्या ट्रॅकचं नाव तर निव्वळ पत्ता आहे: 'फोर्टी-एट ट्वेंटी-थ्री ट्वेंटी-सेकंड स्ट्रीट'. शिकागोचा महापौर अँटन सर्मॅक १९३३ मध्ये गोळीबारात मारला गेला, त्यानंतर बाविसाव्या रस्त्याला त्याचं नाव देऊन सर्मॅक रोड केला. म्हणजे 'बाविसावा रस्ता' म्हणणारी व्यक्ती एक तर १९३३ च्या आधीचं सांगतेय, नाही तर जुन्या वळणाची आहे. मुंबईत अजून लॅमिंग्टन रोड म्हणतात तसं. आणि ४८२३ हा क्रमांक शिकागोला खेटून असलेल्या सिसरो गावातल्या हॉथॉर्न हॉटेलचा, जिथे १९२० च्या दशकात अल कपोन या गुंडाचा अड्डा होता. एवढं सगळं एका शीर्षकात! आठवड्याला पाच-सहा अल्बम उरकणाऱ्या समीक्षकाला हे पहिल्या दोन ऐकण्यांत कसं दिसावं? त्याचा दोष नाही. ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायचं काम अल्बमचं होतं.

ऐकायची पद्धत, धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नासाठी:

पहिल्या दिवशी फक्त ट्रॅक १ ते ४. शब्द समोर छापलेले हवेत आणि हेडफोन हवेत, कारण स्पीकरवर ऑर्गन आणि आजींचा आवाज एकमेकांत मिसळतात. कागदावर दोन रकाने करा, कोण बोलतंय आणि त्या वेळी तिचं वय साधारण काय. इथे सगळ्यात मोठी चूक होते. लोक याला आजी-नातीच्या गप्पा समजतात. तसं नाही. एलेनॉरचा 'मी' बऱ्याचदा नात नसतो, ती तरुणपणीची आजी असते. एकच बाई दोन वयांची, आपली आपल्याशी बोलतेय, आणि मधूनच या भूमिकांची अदलाबदल होते. दुसऱ्या ट्रॅकमध्ये, 'द वेवर्ड ग्रँडडॉटर'मध्ये, नात खरोखरची पात्र म्हणून येते, तिथे घोळ आणखी वाढतो. हा रकाना भरला की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसऱ्या दिवशी ५ ते ७. सातवा, 'सेव्हन सिल्व्हर कर्सेस', दहाएक मिनिटांचा आहे. तो सलग ऐका, मध्ये थांबलात तर परत शिरता येत नाही. उरलेले चार तिसऱ्या दिवशी. मग आठवडाभरानं एकदा सगळा सलग, कागद बाजूला ठेवून. शफल अजिबात नको.

---

पायपेटी

वरचं वाचून एक जाणवलं. तिकडच्या समीक्षकांनी याला रॉक अल्बमच्या मापानं मोजलं, कुणी रेडिओ नाटकाशी तुलना केली. आपल्याकडचा माणूस हे ऐकताना आपसूक कीर्तन आठवेल, आणि तुलना फारशी ओढूनताणून नाही. बोलणं आणि गाणं यांच्या मधल्या वाटेवर पाऊण-एक तास माणसांना बसवून ठेवायचं तंत्र नारदीय कीर्तनात पुरतं मुरलेलं आहे.

त्या तंत्रात काय असतं? बुवा गद्य बोलायला लागले की तबला थांबतो. पेटीवाला षड्जाची आस धरून बसतो, फार तर वाक्याच्या शेवटी चार सूर भरतो. बुवांनी पदाला हात घातला की ठेका सुरू. पूर्वरंगात घेतलेला मूळ अभंग उत्तररंगाचं आख्यान संपल्यावर परत येतो, म्हणजे श्रोता कितीही लांब भरकटला तरी घर कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. 'रिहर्सिंग माय कॉयर'मध्ये यातलं जवळजवळ काही नाही. आजी बोलतायत तेव्हाच नातवाच्या हातांना चेव येतो. वाक्य अर्ध्यावर असताना खाली लय बदलते, पट्टी बदलते. काही ठिकाणी ते मजेदार आहे, आठवण अडखळते तशी चालही अडखळते. पण अठ्ठावन्न मिनिटं तेच करत राहिलात तर ती युक्ती राहत नाही, खोड होते.

ऑर्गनबद्दल एक गोष्ट समीक्षकांकडून निसटली असं मला वाटतं. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेतलं मूळ बायझंटाइन गायन एकाच चालीचं, खाली एक स्थिर स्वर धरलेला (त्याला आयसन म्हणतात, आपली आसच ती), वाद्यं वर्ज्य. अमेरिकेतल्या ग्रीक चर्चनी मात्र विसाव्या शतकात स्त्री-पुरुषांचे मिश्र गायकवृंद घेतले, अनेक ठिकाणी ऑर्गनही आला. म्हणजे जुन्या देशाचा स्थिर सूर आणि नव्या देशाचा ऑर्गन हे द्वंद्व आजींच्या कामातच होतं. मॅथ्यूनं ऑर्गन भरभरून वापरला, स्थिर सूर मात्र घेतला नाही. घेतला असता तर बोलण्याला बसायला जागा मिळाली असती. हा माझा तर्क, पण ऐकताना हीच उणीव सतत खटकते.

दुसरी दिशा अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशच्या 'डिफरंट ट्रेन्स'मध्ये (१९८८) आहे. तिथेही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत: राइशला लहानपणी सांभाळणारी बाई, रेल्वेतला निवृत्त पोर्टर, छळछावण्यांतून वाचलेली तिघं. राइशनं त्यांच्या बोलण्यातले एक-दोन सेकंदांचे तुकडे उचलले, त्यांचा चढउतार स्वरांत लिहून काढला आणि तोच तंतुवाद्यांना दिला. बाईचा आवाज असेल तर व्हायोला, पुरुषाचा असेल तर चेलो. संगीत बोलण्यातूनच निघाल्यामुळे दोघांत भांडण उरत नाही. तोटाही सांगतो: तुकडा इतका छोटा की माणूस गोष्ट सांगू शकत नाही. तुमच्या आजींच्या बाबतीत हे पस्तीस मिनिटांत दोन-तीन जागीच करा. त्यांची लकब असलेलं एखादं वाक्य ("काय सांगू बाई" सारखं) निवडा, पेटीवर त्याचे सूर शोधा, ते तीन-चार सूर पुढे धृपदासारखे परत परत आणा. धृपद नाही ही तक्रारही मग उरणार नाही.

सूर शोधताना घाई नको. मराठी बोलण्यात वाक्याचा शेवट बहुधा खाली उतरतो, पण प्रश्नात आणि 'ना', 'गं' यांवर वर जातो. आणि बोलीतला सूर पेटीच्या पट्ट्यांच्या मधोमध पडतो. जवळच्या पट्टीवर बसवा, आवाजाला ऑटोट्यून लावून पेटीवर आणू नका.

---

मध्यलय (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. पत्त्यांचा मुद्दा डोक्यात नव्हता. आता तांत्रिक: आधी संगीत करून त्यावर आजींना बोलायला लावायचं की उलट? लिहून द्यायचं की सांगू द्यायचं? आणि माईक कुठे ठेवायचा? आजींना कवळी आहे.

---

शून्य_डेसिबल

आधी आवाज, मग संगीत. यात तडजोड नको. क्लिकवर (हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर) किंवा तयार ट्रॅकवर बोलायला लावलं की वयस्कर माणूस एक तर ठेक्याच्या मागे धावतो, नाही तर वाक्याच्या मध्ये ठेक्याची वाट बघतो. दोन्ही ऐकू येतं.

ध्वनिमुद्रण: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, मोनो. तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, म्हणजे दहा तास सांगणं घेतलं तरी सव्वापाच जीबी. एमपी३मध्ये मुळीच घेऊ नका, पुढे उपचार करताना शकार-सकार फाटतात. पातळी अशी लावा की मोठ्यात मोठं हसू उणे १० ते १२ डेसिबलपर्यंत जाईल. आठवणी सांगताना माणसं पुटपुटतात आणि अचानक खळखळून हसतात. पुटपुटण्याला धरून गेन लावलात तर हसू कापलं जातं, आणि ते परत जोडता येत नाही.

माईक: तोंडापासून २० ते २५ सेंटिमीटर, थोडा बाजूला आणि हनुवटीच्या उंचीला, कॅप्सूलचं तोंड ओठांकडे. अगदी समोर ठेवलात तर प, फ, भ यांचे फटके बसतात. कवळी असली की दोन गोष्टी होतात, सूक्ष्म टकटक आणि 'स'ची शिट्टी. टकटकीवर उपाय म्हणजे दर दहा मिनिटांनी घोटभर साधं पाणी; कोरड्या तोंडात ती वाढते. शिट्टीसाठी नंतर डी-एसर ('स'ची धार दाबणारं साधन), साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, ३-४ डेसिबलच्या वर दाबू नका, नाहीतर आजी बोबड्या होतील. कवळी काढून बोलायला सांगू नका. उच्चार बदलतात आणि माणूस अवघडतो.

खोली: पंखा बंद, फ्रिज बंद (परत लावायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात, चांगली युक्ती आहे). कंडेन्सर माईक मागचंही उचलतो आणि समोरच्या भिंतीचा घुमाराही. आजींच्या पाठीमागे आणि एका बाजूला दोन जाड गोधड्या दोरीवर टांगा, समोर पडदा असलेली खिडकी चालेल. फरशीवर सतरंजी. फोम चिकटवण्यापेक्षा हे बरं. खुर्ची करकरत नाही ना बघा, आणि बांगड्या. बांगड्या काढायला सांगणं अनेक घरांत बरं दिसत नाही. हाताखाली मांडीवर छोटी उशी दिली की किणकिण बरीच थांबते. थोडी राहिली तर राहू द्या.

बैठक चाळीस मिनिटांच्या वर नको. सकाळचा चहा झाल्यावर तासाभरानं आवाज मोकळा असतो. वयानुसार बायकांचा आवाज खाली उतरतो, ओल्गाबाईंचा तसाच आहे. ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याच्या खालचे आवाज गाळणारी चाळणी) लावला तरी मूळ आवाजाला धक्का लागत नाही, रस्त्यावरची घरघर मात्र जाते. १५० वगैरेला लावलात तर त्या आवाजाचं वजनच जाईल, आणि तेच तर हवंय.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक बैठकीच्या शेवटी तीस सेकंद कुणीही न बोलता खोली मुद्रित करा. दोन वाक्यं जोडताना मधे निखळ शांतता टाकली तर खड्डा ऐकू येतो; खोलीची शांतता टाकली तर जोड कळत नाही.

मिक्सबद्दल, पायपेटींच्या मुद्द्याला पुढे नेतो. शब्द कळण्याचा बराचसा भाग १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. पेटीच्या स्वरांचे वरचे अंश आणि ऑर्गनचे तीक्ष्ण पल्ले नेमके तिथेच दाटी करतात. म्हणून अल्बममध्ये आवाज पुरेसा मोठा असूनही शब्द निसटतात; व्हॉल्यूम वाढवून हा रोग बरा होत नाही. उपाय तीन, याच क्रमानं. पहिला, बोलणं चालू असताना पेटी खालच्या सप्तकात न्या आणि एकच स्वर धरा. ते पुरलं नाही तर संगीताच्या ट्रॅकवर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ३ डेसिबलची रुंद घट. तरी नाही तर साइडचेन: आवाज आला की संगीत ४ ते ६ डेसिबल खाली, अटॅक (खाली जायचा वेळ) १५-२० मिलिसेकंद, रिलीज (परत वर यायचा वेळ) ३०० ते ४०० मिलिसेकंद. रिलीज १०० च्या खाली नेलात तर प्रत्येक शब्दामागे पेटी धापा टाकते. बरेच जण थेट तिसऱ्या उपायाकडे धावतात. पहिला नीट केला तर तिसरा बहुतेक लागतच नाही.

तपासायचं कसं? ज्यानं कथा आधी ऐकलेली नाही अशा माणसाला स्वयंपाकघरात, फोनच्या स्पीकरवर, एकदाच ऐकवा आणि त्याला तीन गोष्टी विचारा: कोण, कुठे, कधी. दोन आल्या नाहीत तर मिक्स परत उघडा.

---

कॅसेटवाला

लिहून द्यायचं की नाही यावर. 'रिहर्सिंग माय कॉयर'मध्ये आठवणी आजींच्या आहेत, पण वाक्यं नातवानं रचलेली, यमकं आणि शब्दखेळ भरलेली. म्हणजे आजी स्वतःचीच भूमिका करतात. काहींना तो नाटकीपणा बोचला; मला तो अल्बमचा कणा वाटतो, कारण वृंदासमोर उभी राहिलेली बाई नाटकी असणारच. पण ओल्गाबाईंना लोकांसमोर उभं राहायची सवय होती. ज्या आजींना ती नाही त्यांच्या हातात कागद दिला की दोन मिनिटांत शाळेतलं वाचन सुरू होतं, सुरात, प्रत्येक वाक्याला सारखा हेलकावा. चष्मा, कागदाची सळसळ ही भर वेगळीच.

तेव्हा तीन टप्पे करा. आधी मोकळं सांगणं, सहा ते आठ बैठका. मग सगळं शब्दशः उतरवून काढा, वेळेच्या खुणांसकट; एका तासाच्या मुद्रणाला सराईत माणसालाही चार-पाच तास लागतात, तो वेळ धरून चाला. त्यातून निवड. पस्तीस मिनिटांच्या कामात आजींचं बोलणं अठरा-वीस मिनिटांच्या वर नको, आणि संथ सांगण्यात मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे सारे मिळून दोन हजार शब्दच. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. शेवटी जिथे दुवा तुटतो तिथली वाक्यं तेवढी त्यांच्याकडून परत घ्या, लिहून नाही, प्रश्न विचारून: "ते दुकान कुठं होतं म्हणालात?" उत्तर पूर्ण वाक्यात आलं पाहिजे एवढीच अट.

फेरमुद्रण त्याच खुर्चीत, त्याच वेळेला, माईक तितकाच दूर. अंतर मोजून चिकटपट्टीची खूण आधीच करून ठेवा.

---

पायपेटी

एक दुरुस्ती. शंभर शब्द हे शहरी सांगण्याचं झालं. जात्यावरच्या ओव्या, गाणी, म्हणी मधे येत असतील तर गणित बदलतं; ओवी म्हटली की शब्द थोडे आणि वेळ जास्त. आजींना ओव्या येत असतील तर त्या जरूर घ्या, पण पेटी लावून नाही. जात्याची गती ही त्यांची लय, ती सूर धरून ठेवत नाही, सरकत जाते. पहिली ओवी आणि पाचवी ओवी यांच्यात सूर अर्धा स्वर चढलेला सापडेल. पेटी लगेच बेसूर ठरते आणि ऐकणारा दोष आजींना देतो. तिथे संगीत शून्य करा. आख्ख्या अल्बममध्ये एक जागा अशी हवीच जिथे नुसता आवाज आहे.

---

वळचण

कागदपत्रांचं कुणी बोललं नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क असतो, सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. घरातलं काम असलं तरी आजींची संमती एका पानावर घ्या: काय मुद्रित केलं, कुठे प्रसिद्ध होणार, कुठला भाग वगळायचा. सही आधी नाही, अंतिम मिक्स ऐकवल्यावर. आणि ज्यांच्याबद्दल त्या बोलतात ती माणसं हयात असतील तर नावं बदला. नाव बदलायचं ठरलं तर ते आजींच्याच तोंडून परत मुद्रित करायला लागतं, बीप टाकला की सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं.

आठवणीत सिनेमाचं गाणं गुणगुणलं गेलं तर तो तुकडा वगळा किंवा परवानगी घ्या. 'दोनच ओळी आहेत' ही पळवाट नाही. स्ट्रीमिंगवर चढवताना नेमकं तिथेच अडतं. पारंपरिक ओवीला ही अडचण नाही, मात्र एखाद्या ध्वनिफितीवरून ती शिकलेली असेल तर चाल कुणाची हे बघून घ्या.

आणि पत्त्यांचं. अल्बमनं केलेली चूक टाळायला टिपा जोडायची गरज नाही, टिपा कुणी वाचत नाही. साल आणि ठिकाण दुसऱ्या आवाजाला द्या. आजी म्हणतात, "आम्ही चौकातल्या चाळीत होतो", नात एवढंच म्हणते, "पानशेतच्या आधी?" आजी हो म्हणतील, किंवा चिडून "छे गं, ते नंतर" म्हणतील. पुण्याच्या माणसाला १९६१ मिळालं, बाकीच्यांना निदान आधी-नंतर कळलं. प्रत्येक ट्रॅकच्या पहिल्या चाळीस सेकंदांत असा एक प्रश्न हवा. नातीचा आवाज त्याच खोलीत, त्याच माईकवर घ्या, पण वेगळ्या ट्रॅकवर आणि आजी आत झोपल्या असताना नाही. समोर बसलेल्या माणसाला विचारलेला प्रश्न आणि भिंतीला विचारलेला प्रश्न ऐकू वेगळे येतात.